कुरकुरणारा पलंग, करकरणारी खुर्ची : आवाजाचा माग आणि त्यावरचा इलाज

रात्री कूस बदलताच पलंग कुरकुरू लागला की बहुतेक घरांत पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. सांध्यात दोन थेंब सोडले की आवाज आठवडाभर दबतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि तोवर तेल लाकडाच्या तंतूंत इतके मुरलेले असते की पुढे त्या जागी कोणताही डिंक धड चिकटत नाही. म्हणून सुरुवात एका मनाईनेच करतो : लाकूड जिथे लाकडाला भिडते तिथे तेल घालू नये. तेलाचे काम फक्त लोखंड लोखंडावर घासते तिथे असते. लाकडी सामानातून आवाज येतो याचा अर्थ दोन भाग एकमेकांवर सरकत आहेत आणि ते सरकायला नको आहेत. सरकणे थांबवले की आवाज आपोआप थांबतो. नुसता आवाज दाबला तर सांधा आतल्या आत झिजत राहतो आणि एक दिवस पाहुण्यांसमोर खुर्चीचा पाय निखळतो.

आवाज तयार कसा होतो

दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवले असता त्यांना हलवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो. एकदा हलू लागले की त्याहून कमी जोर पुरतो. त्यामुळे सैल झालेला सांधा भार येताच सरकत नाही. तो आधी किंचित वाकतो, ताण साठवतो, मग एकदम निसटतो, पुन्हा अडकतो, पुन्हा निसटतो. हे अडकणे आणि निसटणे एका सेकंदात शेकडो वेळा घडले की आपल्या कानाला त्याचा सूर लागतो. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती नेमकी असे अडकणे-निसटणे घडावे म्हणून; पलंगाच्या बाबतीत ते फुकट मिळते. सारंगीचे कातडे आणि पोकळ कोठा जसा तारेचे बारीक कंपन मोठे करतो, तसेच काम बॉक्स पलंगाची रिकामी पेटी आणि तिच्यावरचे प्लायचे झाकण करते. गोधड्या आणि रजया ठासून भरलेली पेटी त्यामानाने गप्प असते.

आवाजाच्या जातीवरून निम्मे निदान होते. खालच्या पट्टीतली, रेंगाळणारी करकर बहुधा लाकडाला लाकूड घासल्याची असते. उंच, बारीक कुईकुई धातूची असते, म्हणजे बिजागरी, बोल्ट किंवा झोपाळ्याची कडी यांची. बसताक्षणी एकदाच होणारा ‘टक्’ असा आवाज सैल स्क्रूचा, किंवा जागेवरून उचलून पुन्हा आदळणाऱ्या आडव्या पट्टीचा असतो. कोणीही हात न लावता मध्यरात्री कपाटातून येणारा ‘ठक्क’ आवाज मात्र वेगळ्या जातीचा आहे. दिवसभर तापलेले आणि वाळलेले लाकूड आकसताना त्यात साठलेला ताण एकदम सुटतो, तेव्हा तो येतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो विशेष ऐकू येतो, कारण पावसाळ्यात फुगलेले लाकूड त्या दिवसांत झपाट्याने वाळत असते. त्यावर काही करण्याची गरज नाही, आणि भुताटकीचा संशय घेण्याचीही नाही.

घट्ट बसवलेले लाकूड सैल का पडते

झाड तोडले, फळ्या काढल्या, पॉलिश चढवले, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के राहिली तर ते १५-१६ टक्क्यांपर्यंत चढते. विदर्भातला वैशाख आणि कोकणातला आषाढ ही साधारण या दोन टोकांची हवा आहे. पॉलिशमुळे हा बदल सावकाश होतो, थांबत नाही. त्यातच आपल्याकडे पॉलिश दर्शनी बाजूला होते आणि पलंगाची खालची व मागची बाजू कोरी राहते. ओलावा तिथून निवांत ये-जा करतो.

फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे असते तर फारसे बिघडले नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने सागवान जवळजवळ हलतच नाही. रुंदीच्या दिशेने मात्र लाकडातला ओलावा १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला तर १०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी, ती ओंडक्यातून कशी चिरून काढली आहे त्यानुसार, १ ते जवळपास २ मिलिमीटर आकसते. सागवान या बाबतीत शहाण्या लाकडांत गणले जाते, हे येथे लक्षात घ्यावे. आंब्याचे किंवा निलगिरीचे स्वस्त लाकूड याहून अधिक खेळ करते.

आता खुर्चीचा एक सांधा डोळ्यांसमोर आणावा. आडव्या पट्टीचे टोक कोरून कुसू काढलेले असते आणि ते उभ्या पायातल्या खाचेत ठोकून बसवलेले असते. पट्टीचे तंतू आडवे, पायाचे तंतू उभे. पावसाळ्यात कुसू उंचीने फुगू पाहते, पण खाच त्या दिशेने वाढत नाही, कारण ती दिशा पायाच्या लाकडाची लांबीची आहे आणि लांबीत लाकूड फुगत नाही. जागा न मिळाल्याने कुसूच्या कडेचे तंतू चेपले जातात. उन्हाळा येतो, कुसू आकसते, परंतु चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. म्हणजे दर वर्षी कुसू केसभर लहान होते आणि डिंकाचा थर दोन विरुद्ध ओढींमध्ये कातरला जातो. असे आठ-दहा पावसाळे गेले की सांध्यात नखभर का होईना फट पडते आणि खुर्ची बोलू लागते. स्क्रू आणि खिळ्यांचेही असेच होते. लोखंड फुगत नाही, त्याच्याभोवतीचे लाकूड फुगते, लोखंडावर दाबले जाऊन चेपते आणि वाळल्यावर भोक सैल सोडते.

म्हणूनच रत्नागिरीत घडवलेला पलंग बदलीच्या सामानाबरोबर अकोल्याला गेला की पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरू लागतो. परदेशातल्या थंड प्रदेशात हिवाळाभर तापवलेल्या घरांची हवाही फार कोरडी असते. इथून हौसेने नेलेला देव्हारा किंवा चौरंग तिकडे पहिल्याच हिवाळ्यात सांध्यांत उघडतो तो याच कारणाने. सुताराच्या हाताला अशा वेळी बोल लावणे बहुधा अन्यायाचे असते. लाकूडच ओले वापरले असेल तर गोष्ट निराळी. उघड्या हवेत लाकूड वाळवायचे तर जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर द्यावे, असा सुतारकामातला जुना अंदाज आहे, आणि इतका धीर हल्ली ना विकणाऱ्याला असतो ना घेणाऱ्याला.

हवामानाच्या जोडीला बसणाऱ्याची सवय असते. जेवणाच्या टेबलाची खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवली, तर बैठकीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर पाठीने दिलेला अवघा २० किलोचा रेटा ६ सेंटिमीटर उंचीच्या पट्टीच्या सांध्यांवर तरफेच्या हिशेबाने १५० किलोचा होतो. दोन बाजूंत विभागला तरी प्रत्येक सांध्याला ७५ किलो. मागच्या पायांचे सांधे सर्वांत आधी सुटतात ते यामुळे. मुलांना याबद्दल रागावणारे आजोबा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होते.

दुरुस्ती कधी करावी

डिंक लावण्याच्या कामाला दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. तेव्हा लाकूड पावसाळ्याइतके फुगलेले नसते आणि वैशाखाइतके आकसलेलेही नसते. त्या मधल्या स्थितीत जोडलेला सांधा दोन्ही ऋतू कमी ताणात काढतो. भर पावसाळ्यात जोडलेला सांधा घट्ट भासतो, परंतु उन्हाळ्यात हमखास उघडतो. बोल्ट आवळणे, मेण लावणे, पट्ट्या बसवणे ही कामे केव्हाही करता येतात. एक सावधगिरी मात्र ठेवावी. लाकडावर दाबणारा बोल्ट उन्हाळ्यात पूर्ण ताकदीने आवळून ठेवला, तर पावसाळ्यात फुगणारे लाकूड त्याच्या वायसरखाली चेपले जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात तो आणखी सैल होतो. हाताला घट्ट लागेल इतपतच आवळावा आणि वर्षातून दोनदा, पाऊस लागण्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, तपासावा.

आवाजाचा माग

घाईने हत्यारे काढण्यापूर्वी अर्धा तास फक्त शोधात घालवावा. पहिला संशय जमिनीवर घ्यावा. फरशी एका कोपऱ्यात २-३ मिलिमीटर खाली असेल तर पलंग किंवा टेबल तीन पायांवर उभे राहते, चौथा पाय अधांतरी असतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर सगळी चौकट पिळली जाते. पायाखालून कागद सरकवून पाहावा. तो सहज गेला तर तिथे पुठ्ठ्याची किंवा रबराची चकती ठेवावी आणि मग आवाज राहतो का ते ऐकावे. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. जुन्या वाड्यात तक्तपोशीच्या वरच्या मजल्यावर असाल तर पलंगाऐवजी पायाखालची फळीच बोलत नाही ना, हेही पाहावे. पलंग बाजूला सारून त्याच जागी नुसते उभे राहून डोलले की उत्तर मिळते.

नंतर माणसे दोन लागतात. एकाने ज्या हालचालीने आवाज येतो तीच हालचाल, त्याच लयीत, पुन्हा पुन्हा करावी. दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट असे ठेवावे की बोटाचे अर्धे टोक एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर येईल. डोळ्यांना न दिसणारी फारच थोडी हालचालही बोटाच्या टोकाला कळते. कानाने शोधायचे तर लाटणे किंवा लाकडी दांडका घ्यावा, त्याचे एक टोक सांध्यावर टेकवावे आणि दुसरे कानामागच्या हाडाला. चुकीच्या सांध्यावर आवाज लांबचा वाटतो, बरोबर सांध्यावर तो कानातच घुसतो. लाकडात आवाज दूरवर पसरत असल्याने नुसत्या कानावर विश्वास ठेवला तर उशाकडचा दोष पायथ्याला भासतो. सापडलेल्या जागेवर पेन्सिलीने खूण करावी, कारण सामान उलटे केले की डावे-उजवे विसरायला होते.

शोध चालू असतानाच पायांच्या आणि पट्ट्यांच्या खाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली, किंवा लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसली, तर काम थांबवावे. ती लाकूड पोखरणाऱ्या किडीची खूण आहे. कीड बहुधा सालीकडच्या पांढऱ्या लाकडात शिरते; आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण पोकळ कुसूला कितीही डिंक लावला तरी धरायला काही उरलेले नसते.

पलंग

पलंगाला भाग पुष्कळ, म्हणून एकेक भाग वजा करत जावे. गादी जमिनीवर काढून ठेवावी आणि तिच्यावर लोळून पाहावे. स्प्रिंगची गादी असेल तर गुन्हेगार तीच असू शकते. नंतर प्लायची झाकणे किंवा आडव्या पट्ट्या काढाव्यात आणि उघडी चौकट दोन्ही हातांनी धरून लांबीच्या व रुंदीच्या दिशेने हलवावी. चौकट गप्प असेल तर दोष झाकणांत आहे. चौकट बोलली तर कोपऱ्यांच्या सांध्यांत आहे. ही साधी परीक्षा न केल्याने मी स्वतः दोन आठवडे पलंगाच्या पायांवर संशय घेत राहिलो, चारही बोल्ट आवळले, एकदा रागाने जरा जास्तच आवळले, आणि शेवटी आवाज उशाकडच्या प्लायच्या झाकणाचा निघाला. जुन्या सतरंजीची दोन बोटे रुंदीची पट्टी तिथे पुरली.

झाकण ज्या कडेवर टेकते त्या कडेवर फेल्टची किंवा जाड सुती कापडाची पट्टी डिंकाने चिकटवावी. झाकणाची कड चौकटीच्या उभ्या बाजूला घासत असेल, तर काचपेपरने ती कड दीड-दोन मिलिमीटर उतरवावी आणि उतरवलेल्या भागावर मेणबत्ती घासावी. आडव्या पट्ट्यांच्या पलंगात प्रत्येक पट्टीच्या टोकाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला की पट्टी सरकत नाही. पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर सर्व स्क्रू हाताने, म्हणजे ड्रिल मशीन न लावता, एकदा फिरवून पाहावेत. जो फिरतच राहतो, त्याचे भोक मेलेले आहे.

मेलेल्या भोकात आगकाडीचे तुकडे आणि डिंक कोंबण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. लहान बिजागरीपुरती ती चालते. माणसाचा भार पेलणाऱ्या सांध्याला ती वर्षभरही टिकत नाही. तिथे ८ किंवा १० मिलिमीटरच्या पात्याने भोक मोठे करून घ्यावे, त्याच मापाची लाकडी खुंटी डिंक लावून ठोकावी, एक दिवस वाळू द्यावी आणि मग खुंटीच्या मध्यभागी स्क्रूच्या गाभ्याइतके बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. स्क्रू तंतूंच्या टोकात, म्हणजे पट्टीच्या छेदात, शिरत असेल तर पकड मुळातच कमी असते. अशा ठिकाणी आधीपेक्षा लांब स्क्रू घ्यावा. शक्य तिथे स्क्रूऐवजी आरपार जाणारा बोल्ट घेणे अधिक चांगले. बोल्टच्या दोन्ही बाजूंना मोठ्या व्यासाची वायसर घालावी, म्हणजे भार पसरतो.

सुटे भाग जुळवून उभे केलेले पार्टिकल बोर्डाचे पलंग आणि कपाटे हा निराळा प्रकार आहे. त्यांचे सांधे आतल्या फिरत्या लॉकवर आणि छोट्या खुंट्यांवर असतात. लॉक सैल झाले असेल तर ते पेचकसाने घड्याळाच्या दिशेने फिरवले की पुष्कळदा आवाज बंद होतो. मात्र बोर्ड पाण्याने फुगून भुसभुशीत झाला असेल तर तो भाग पुन्हा घट्ट होत नाही. आतून लोखंडी एल पट्टी लावून आणखी काही काळ ढकलता येतो, इतकेच. अशा सामानावर सुताराची दिवसभराची मजुरी घालू नये, असे माझे मत आहे. घर बदलताना ते खोलून पुन्हा जोडले की दर खेपेला त्याची पकड कमी होते, हे ठरवताना ध्यानात असू द्यावे.

खुर्ची

खुर्चीची दुरुस्ती नीट करायची तर सैल सांधा पूर्ण उघडावा लागतो. सांध्याच्या फटीत वरून डिंक ओतून भागत नाही, कारण वाळलेल्या जुन्या डिंकावर नवा डिंक चिकटत नाही. सुईने डिंक आत सोडण्याचा उपाय मी करून पाहिला आहे. सहा महिने शांतता मिळते. खिळा ठोकणे तर त्याहून वाईट. खिळ्याने कुसू चिरते, आणि पुढे कोणी सांधा उघडू पाहील तर पाय फुटतो.

उघडण्यापूर्वी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक लिहावेत. सांध्यात लपलेला खिळा किंवा बारीक बांबूची मेख आहे का ते पाहावे आणि असल्यास आधी काढावी. मग लाकडी हातोड्याने, मधे जाड कापड किंवा लाकडाचा ठोकळा धरून, सांध्याच्या अगदी जवळ हलके ठोके द्यावेत. जे सांधे अजून घट्ट आहेत ते उघडू नयेत. चांगला सांधा हौसेने उघडणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक असते.

सांधा हटून बसला तर आत कोणता डिंक आहे याचा विचार करावा. १९५९ साली फेविकॉल आले, आणि पांढरा डिंक घरोघरी पोचण्यापूर्वी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत. आजी-आजोबांच्या काळातली खुर्ची असेल तर बहुधा सरसच असतो. गरम पाण्यात भिजवलेले फडके सांध्याभोवती काही वेळ गुंडाळले की तो मऊ पडतो आणि त्याचा विशिष्ट वासही येतो. पांढरा डिंक गरम व्हिनेगरने नरम पडून रबरासारखा होतो. दोन्ही प्रकारांत पॉलिशवर पांढरे डाग उठण्याचा धोका आहे, म्हणून फडके पिळून घ्यावे आणि सांध्यापुरतेच ठेवावे. सरसाचा हा गुण मला आजही मोलाचा वाटतो. पन्नास वर्षांनी कोणीतरी ही खुर्ची उघडणार आहे, हे तो डिंक गृहीत धरूनच काम करतो.

सांधा सुटला की जुना डिंक खरवडून काढायचा. पटाशी धारदार असावी, पण हात हलका असावा. डिंकाबरोबर लाकूडही निघाले तर कुसू आणखी बारीक होते. ओलसर झालेले भाग एक-दोन दिवस सावलीत वाळू द्यावेत. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ताज्या खरवडलेल्या भागावर थिनरने किंवा ॲसिटोनने भिजवलेले फडके फिरवावे आणि ते उडून गेल्यावर लगेच डिंक लावावा. ज्यांच्या घरी आधीच तेलाचा प्रयोग झालेला आहे, त्यांना हे पुसणे तीन-चार वेळा करावे लागेल.

मग डिंक न लावता सांधा एकदा कोरडाच जुळवून पाहावा. हाताने दाबल्यावर जाईल आणि उलटे धरल्यावर स्वतःहून गळून पडणार नाही, अशी बैठक हवी. फार सैल असेल तर डिंकाने ती पोकळी भरण्याच्या भरीस पडू नये. पांढरा डिंक पातळ थरातच पकडतो, जाड थरात तो वाळताना आकसून ठिसूळ राहतो. रंधा मारताना निघणारा पातळ, लांब सालपा घ्यावा आणि कुसूच्या दोन्ही गालांना डिंकाने चिकटवावा. तंतूंची दिशा कुसूच्याच दिशेने ठेवावी. वाळल्यावर काचपेपरने हवी तेवढी जाडी ठेवावी. कुसू आरपार निघालेले असेल तर त्याच्या टोकात करवतीने चीर पाडून डिंक लावलेली पाचर ठोकण्याची जुनी पद्धत अधिक भरवशाची आहे. ही चीर पायाच्या तंतूंना आडवी असावी; पाचर पायाच्या तंतूंच्या दिशेने बसली तर पाय उभा चिरतो. कुसू मोडलेलेच असेल, किंवा खाचेच्या कडा उडालेल्या असतील, तर दोन नळ्यांतून येणारा राळ आणि हार्डनरचा एपॉक्सी डिंक वापरावा. तो पोकळी भरतो, पण तो सांधा पुढे सहज उघडता येणार नाही हे ध्यानात घेऊनच.

डिंक खाचेच्या आतल्या भिंतींना आणि कुसूच्या गालांना, दोन्हीकडे, पातळ लावावा. सर्व सांधे जुळवल्यावर आवळण्यासाठी लांब शिकंजे हवेत असे नाही. सुताची जाड दोरी चारही पायांभोवती दुहेरी गुंडाळावी, तिच्या दोन पदरांत एक दांडकी घालावी आणि पीळ देत जावे. दोरी ताणली की दांडकी एखाद्या पट्टीमागे अडकवून ठेवावी. पायांच्या कडांवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत, नाहीतर दोरीचे वळ कायमचे उमटतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डिंक ओला असतानाच खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात का ते पाहावे, तसेच बैठकीचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजून सारखे करावेत. डिंक वाळल्यावर कळलेला वाकडेपणा फक्त पाय कापूनच सुधारता येतो. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसावा आणि खुर्ची २४ तास, दमट हवेत ४८ तास, कोणालाही बसू न देता ठेवावी. घरात लहान मूल असेल तर तिच्यावर पाण्याने भरलेली बादली ठेवणे हा मला सापडलेला सर्वांत परिणामकारक फलक आहे.

वारंवार सुटणाऱ्या खुर्चीला बैठकीच्या खालून चारही कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी ठोकळे डिंक आणि स्क्रू लावून बसवावेत. तरफेचा भार त्यामुळे कुसूवरून बराच कमी होतो. वेताच्या विणलेल्या बैठकीची करकर मात्र सांध्याची नसते. वेत फार वाळला की धागे एकमेकांवर घासतात, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा खालच्या बाजूने ओलसर फडके फिरवले की ती शमते.

कपाट, खण आणि दारे

इथे काम थोडके आहे. लाकडी पट्टीवर सरकणाऱ्या खणाला मेणबत्ती घासावी. साबणही चालतो, पण तो ओलावा धरतो आणि पावसाळ्यात चिकट होतो. दाराच्या बिजागरीला शिलाई मशीनचे तेल द्यावे, आणि तेही खिळी अर्धी वर काढून एक-दोन थेंब. खोबरेल तेल इथेही नको. सुमारे २४ अंशांखाली ते थिजते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात ते बिजागरीत घट्ट होऊन बसते, आणि पुढे धूळ धरून त्याचे काळे कीट होते. उंच कपाट बोलत असेल तर ते भिंतीशी समांतर, काटकोनात उभे आहे का ते पाहावे. पुढचा एक पाय खचला की दारे चौकटीत अडकतात आणि दोष विनाकारण बिजागरीवर जातो.

झोपाळा

झोपाळ्याच्या आवाजाबद्दल घराघरांत मतभेद असतात. तो आवाज म्हणजेच घर, असे मानणारी वडीलधारी मंडळी मला भेटली आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण कुरकुर कोणती आहे ते तपासणे त्यांच्याही हिताचे आहे. झोपाळ्यावर कोणी बसलेले नसताना, कड्या एका हाताने धरून पाट दुसऱ्या हाताने हलवावा. आवाज आला तर पाटाखालच्या आडव्या पट्ट्यांचे स्क्रू किंवा बोल्ट सैल आहेत. आवाज फक्त झोका घेतानाच, वरून येत असेल, तर तो तुळईतल्या किंवा स्लॅबमधल्या आकड्यात कडी घासल्याचा आहे, आणि तिथे घट्ट ग्रीस हाच उपाय आहे, कारण पातळ तेल खाली ओघळून थेट बसणाऱ्याच्या पाठीवर टपकते. ग्रीस लावण्यासाठी शिडीवर चढलाच आहात तर झोपाळा आकड्यावरून उतरवून घ्यावा आणि कडी जिथे टेकते त्या जागेवरून, आकड्याच्या आतल्या बाजूने, नख फिरवावे. वर्षानुवर्षांच्या झोक्यांनी तिथे खाच पडलेली असते. नख त्या खाचेत अडकत असेल तर ग्रीसचा डबा बंद करावा, झोपाळा खालीच ठेवावा आणि आकडा व वरची कडी बदलून होईपर्यंत त्यावर कोणालाही बसू देऊ नये.